घामाचा दर्प आणि त्यावरची शस्त्रक्रिया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे घरची भातशेती आली, मग लग्न होऊन वाड्याकडून या गणेशपुरीत आले. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहा गाळला, हळदीकुंकवाची वाणे मोजून ठेवली. उभे राहून बोलायची पाळी आज पहिल्यांदाच आली आहे. सगळे कागदावर लिहून आणले आहे, तेव्हा मान खाली घालून वाचीन, त्याबद्दल राग मानू नये.

चिटणीसताईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "काखेतला घाम." त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. मग म्हणाल्या, "अहो काकू, मागच्या बाकांवर पुरुषमंडळी असतात." मी म्हटले, "असू देत की. घाम त्यांनाही येतो." त्या हसल्या आणि कागदावर विषय लिहून घेतला. म्हणून आज हे धाडस.

खरे कारण निराळे आहे. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवी सून आली होती. नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. ती येऊन बसली आणि तिच्या दोन्ही अंगांच्या बाया हळूहळू सरकल्या. कुणी पदर नाकाला लावला, कुणी उगाच मूल रडते म्हणून उठले. बघता बघता त्या पोरीच्या भोवती हातभर सतरंजी रिकामी झाली. ती मान वर न करता तिळगूळ घेऊन निघून गेली, ती पुन्हा मंडळात आली नाही. सरकणाऱ्यांत मीही होते, बरे का. आणि मी का सरकले ते सांगते. तिचा वास आला म्हणून नव्हे. माझाही वास तिच्याजवळ बसून मोजला जाईल या भीतीने सरकले.

होय, मला हा त्रास तेराव्या वर्षापासून आहे. अंघोळ करून कोरडी झाले की अर्ध्या घटकेत पोलक्याच्या काखा ओल्या. माहेरी आई म्हणायची, उष्णता आहे, धण्याजिऱ्याचे पाणी पी. सासरी आले तर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात काही न बोलता न्हाणीघरात तुरटीचा खडा आणून ठेवला. मला तो अपमान वाटला. रात्री रडले. पण तुरटीने थोडे बरे वाटे हेही खरे, आणि त्यात तथ्य आहे हे मला वीस वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरबाईंकडून कळले. सासूबाई आता नाहीत, नाही तर त्यांना सांगितले असते.

माझे एक असो. बाईमाणूस सहन करते. स्वयंपाकघरात, शेतावर, कोण वास घ्यायला येतो? पण हेच माझ्या धाकट्या मुलीच्या वाट्याला आले तेव्हा मात्र मला स्वस्थ बसवेना.

मुलगी बारावीनंतर ठाण्याला परिचारिकेच्या शिक्षणाला गेली. वसतिगृहात एका खोलीत चौघी. दोन महिन्यांनी तिची खाट गॅलरीच्या दाराशी लागली. कुणी भांडले नाही, कुणी वाईट बोलले नाही, फक्त खाट हलली. दिवाळीला घरी आली आणि म्हणाली, "आई, मी परत जाणार नाही. रोग्याच्या अंगावर वाकायचे असते गं. हात वर करून बाटली टांगायची असते." मी तिचा ड्रेस सोडवून बघितला तर काखेची कातडी सोललेली. लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून रोज घासत होती. कुणाच्या तरी मोबाईलमध्ये बघून केलेले हे औषध. भगिनींनो, हे तुम्ही करू नका, मुलींनाही करू देऊ नका. लिंबाने आणि सोड्याने नाजूक कातडी भाजते, आणि सोललेल्या जागी पुढे खरे औषधसुद्धा लावता येत नाही. आम्हाला ती कातडी भरून येईपर्यंत महिनाभर थांबावे लागले.

आता सांगायला लाजत नाही, आम्ही आधी चुकलोच. शहरातल्या एका खाजगी दवाखान्याची जाहिरात तिने पाहिली होती. घाम कायमचा बंद, एका दिवसात घरी. आम्ही मायलेकी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन-चार मिनिटे पाहिले आणि सांगितले की छातीत एक शीर असते, ती दुर्बिणीतून कापली की घाम बंद. मी विचारले, "आणि वास?" म्हणाले, "घामच नाही तर वास कुठून?" मला ते पटले. कुणालाही पटेल. मी पाटली गहाण ठेवून आगाऊ रक्कम भरली. ती रक्कम पुढे परत मिळाली नाही. त्या दवाखान्याचे नाव मी घेत नाही, कारण मला भांडण करायचे नाही, आणि माझा राग त्यांच्यापेक्षा माझ्यावरच जास्त आहे. पाचशेची साडी घेताना मी चार दुकाने हिंडते आणि पोरीची छाती उघडायला एका दुकानात हो म्हटले.

वाचवले ते मुलीच्याच एका शिक्षिकेने. त्या म्हणाल्या, "आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या सरकारी इस्पितळात जा. रांग आहे, पण तिथे घाईने कुणी कापत नाही." म्हणून पहाटेच्या एस.टी.ने वसई आणि तिथून लोकलने मुंबई. रांगेत चार तास गेले. पण नंतर ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्यांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून आणले. आज तुम्हाला जे सांगते आहे ते त्या वहीतले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मावशी, त्रास घामाचा आहे की वासाचा?" मी म्हटले, "एकच नाही का ते?" म्हणाल्या, "नाही. इथेच सगळ्यांची चूक होते."

आपल्या अंगात घामाच्या ग्रंथी दोन जातींच्या आहेत. एक जात सर्वांगावर असते, वीस ते चाळीस लाख. तिचा घाम पाण्यासारखा, खारट. अंग थंड ठेवणे हे तिचे काम. दुसरी जात फक्त काख, जांघ अशा ठिकाणी असते. लहान मुलात ती झोपलेली असते. म्हणूनच खेळून आलेल्या पाच वर्षांच्या पोराला घाम कितीही आला तरी त्याचा असा दर्प येत नाही. वयात आले की ही जात जागी होते. तिचा घाम दाटसर, थोडासा, दुधाळ असतो. पण गंमत अशी की तोही ताजा असताना त्याला वास नसतो! कातडीवर जे जंतू राहतात ते त्या घामावर जगतात, तो फोडतात, आणि त्यातून दर्प सुटतो. शेली आणि हर्ली नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1953 साली हे प्रयोग करून दाखवले. जंतू नसतील तर तो घाम तसाच ठेवला तरी वास येत नाही. दुधाला विरजण लागल्याशिवाय दही लागत नाही, तसेच हे.

हे ऐकून मला फार हलके वाटले. इतकी वर्षे मला वाटे की माझ्या रक्तातच काही घाण आहे. सासूबाईंच्या काळी म्हणत, अंगातले विष घामावाटे जाते, अडवू नये. डॉक्टरबाई म्हणाल्या की विष बाहेर टाकायचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामाचे काम गारवा देण्याचे. दोन काखांचा घाम थांबला तर अंगाला काही तोटा नाही, बाकी लाखो ग्रंथी आहेत.

आणखी एक नवल त्यांनी सांगितले. जपान, कोरिया, चीनकडच्या बहुतेक लोकांना हा दर्प जवळजवळ नसतोच. त्यांच्या रक्ताच्या वारशातच तसे आहे, आणि त्याच वारशामुळे त्यांच्या कानातला मळसुद्धा ओला नसून कोरडा, कोंड्यासारखा असतो. कानाच्या मळाचे हे गूढ जपानी शास्त्रज्ञांनी 2006 साली उकलले. आता जिथे कुणालाच वास नाही तिथे एखादीला असला तर तिचे किती हाल! म्हणून जपानात या दर्पाला स्वतंत्र नाव आहे, 'वाकिगा', आणि त्याच्या शस्त्रक्रियाही तिकडे पुष्कळ होतात. मी घरी येऊन सगळ्यांचे कान तपासले, ते जाऊ द्या.

बहुतेकदा हे आईबापाकडून येते. माझ्या मुलीला माझ्याकडून आले. तिने मला दोष दिला नाही, पण ते ऐकताना माझी मान आपोआप खाली गेली.

मग त्यांनी दुसऱ्या गोष्टी विचारल्या. झोपेत घाम येतो का? वजन उतरले का? खोकला, बारीक ताप? छातीत धडधड? कुठल्या गोळ्या चालू? कारण घाम नेहमी घामच असतो असे नाही. रात्री पांघरूण भिजेल इतका घाम, वजन घटणे, बारीक ताप, हे क्षयाचे लक्षण असू शकते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बिघडली, मधुमेह असला, तरी घाम सुटतो. माझ्या वयाच्या बायकांना पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफ निघाल्यासारखी होते आणि घाम फुटतो, तेही निराळे. आणि काखेत पुन्हापुन्हा गाठी येऊन पू वाहत असेल, ज्याला आपण काखमांजरी म्हणून पोटीस बांधतो, तर तेही वेगळे दुखणे, त्याला वेगळे उपचार. मुलीचे रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. जन्मजात घामाची खूण अशी की तो लहान वयात सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा येतो आणि झोपेत येत नाही.

शस्त्रक्रियेचे नाव त्या दिवशी त्यांनी काढलेच नाही. म्हणाल्या, "पायऱ्या आहेत. एकेक चढू."

पहिली पायरी साधी. काखेतले केस काढलेले ठेवायचे, कारण केसांना घाम आणि जंतू दोन्ही धरून राहतात. जंतू मारणाऱ्या औषधी साबणाने काख धुवायची, पुसून पूर्ण कोरडी करायची. सुती सैल कपडे घालायचे आणि तेही रोज धुतलेले. पोलके वरून स्वच्छ दिसते पण काखेच्या शिवणीत जुना वास बसलेला असतो, गरम अंग लागले की तो पुन्हा उठतो. ती शिवण वेगळी भिजत घालून चोळावी लागते. लसूण, कांदा, मेथी यांचा वास घामात उतरतो, तेव्हा पाहुण्यांत जायच्या आदल्या दिवशी बेताने खावे. पावडर थापू नये. घामात तिचा चिखल होतो, एवढेच.

दुसरी पायरी म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराईडचे औषध. बाटलीच्या तोंडाशी गोळी असते ती काखेत फिरवायची. ते घामाच्या बारीक छिद्रांत जाऊन तिथे बूच बसवते. लावायची वेळ रात्रीची, कारण तेव्हा घाम सर्वांत कमी. कातडी एकदम कोरडी हवी, ओल्यावर लावले तर आग होते. केस काढल्या दिवशी लावायचे नाही. सकाळी धुऊन टाकायचे. सुरुवातीला रोज, गुण आला की आठवड्यातून एकदोनदा. मी हे वहीत लिहिता लिहिता थांबले आणि विचारले, "मॅडम, तुरटीत काय असते?" त्या हसून म्हणाल्या, "ॲल्युमिनियमच, मावशी. सौम्य, पण त्याच कुळातले." तेव्हा मला सासूबाईंचा तो खडा आठवला.

दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्यांतही दोन प्रकार असतात म्हणे. एक नुसता सुगंध देतो आणि जंतू कमी करतो, दुसरा घाम अडवतो. बाटलीवर बघून घ्यावे. आपण घेतो ते बहुधा नुसत्या अत्तराचे, आणि घामावर अत्तर म्हणजे काय होते ते एस.टी.त बसणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे.

तळहात-तळपायांना घाम येणाऱ्यांसाठी पाण्यात हात बुडवून हलकी वीज सोडायचे यंत्र असते. घाम कमी करणाऱ्या पोटात घ्यायच्या गोळ्याही असतात, पण त्यांनी तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, डोळ्यांना अंधुक दिसते. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मग इंजेक्शने. एकेका काखेत बारीक सुईने दहा-पंधरा ठिकाणी टोचतात, त्याने शिरेकडून ग्रंथीला जाणारा निरोप तुटतो. अमेरिकेत काखेच्या घामासाठी या औषधाला 2004 साली परवानगी मिळाली. गुण चांगला येतो पण सहा महिने, कुणाला थोडा कमी, कुणाला थोडा जास्त. मग पुन्हा टोचा आणि पुन्हा पैसे. खाजगीत एका वेळेचा जो आकडा आम्हाला सांगितला तो आमच्या वर्षाच्या भाताच्या पैशापेक्षा मोठा होता. 2011 पासून सूक्ष्म लहरींनी ग्रंथी जाळण्याचे एक यंत्रही तिकडे निघाले आहे. तेही खर्चाचेच काम.

मुलीने सहा महिने पहिली आणि दुसरी पायरी मन लावून केली. घाम निम्म्याने घटला. दर्प घटला, पण गेला नाही. ती परत वसतिगृहात गेली होती, खाट मात्र दाराशीच होती. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता शस्त्रक्रियेचा विचार करू." आणि आम्हाला प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवले.

आता शस्त्रक्रिया. ऐकताना कुणाला कसेसे झाले तर क्षणभर बाहेर जाऊन यावे.

दोन अगदी निराळ्या शस्त्रक्रिया आहेत, आणि घोटाळा त्यांच्यातच होतो. एक म्हणजे ती आम्हाला आधी सांगितलेली, छातीतली. पाठीच्या कण्याच्या बाजूने, बरगड्यांच्या मुळाशी, शिरेची एक साखळी जाते. घामाचा हुकूम तिथून येतो. ती कापण्याची कल्पना शंभर वर्षे जुनी, 1920 सालची. दुर्बिणीतून करण्याची रीत 1942 पासूनची. त्यासाठी पूर्ण भूल देतात, एका बाजूचे फुप्फुस क्षणभर बसवतात आणि बरगड्यांमधून नळी घालून शीर तोडतात किंवा तिला चिमटा लावतात. तळहातांना पाण्यासारखा घाम येऊन ज्यांना लेखणी धरता येत नाही त्यांना याचा फार चांगला गुण येतो. पण काखेला तितका नाही, आणि दर्पाला तर फारच कमी, कारण दर्पाच्या दाट घामाच्या ग्रंथी त्या शिरेच्या हुकमतीत तितक्याशा नाहीतच. शिवाय पुष्कळांना हात कोरडे पडल्यावर पाठ, पोट, मांड्या घामाने भिजू लागतात. काखेतला घाम जाऊन पाठीवर आला तर ते आगीतून फुफाट्यात. एकदा कापलेली शीर परत जोडून पूर्ववत होईल याचा भरवसा नाही. क्वचित पापणी पडते, क्वचित छातीत हवा अडकते. हे सगळे त्या पहिल्या दवाखान्यात आम्हाला कुणी सांगितले नव्हते. मी ते ऐकले तेव्हा पाटली गेल्याचे दुःख उरले नाही. पाटलीच गेली होती ना!

दुसरी शस्त्रक्रिया काखेतल्या काखेतच. छाती उघडत नाहीत, ग्रंथीच काढतात. तिच्याही रीती आहेत. सर्वांत जुनी म्हणजे काखेची केसाळ कातडीच ग्रंथींसकट कापून काढून कडा शिवणे. 1960च्या सुमारास ही पुष्कळ होऊ लागली. स्वीडनच्या डॉक्टरांनी 1962 साली आणि त्याच हर्ली-शेली जोडीने 1963 साली कमी कापून भागवण्याच्या रीती लिहिल्या. कातडीच काढली की गुण खात्रीचा, पण व्रण मोठा राहतो आणि कधी हात पूर्ण वर जात नाही. आता बहुधा करतात ती रीत अशी की काखेच्या घडीत एक-दोन लहान चिरा देतात, कातडी पाकिटासारखी मोकळी करतात, उलटी करतात आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या ग्रंथी कात्रीने खरवडून काढतात. ग्रंथी कातडी आणि चरबी यांच्या सांध्यात असतात, म्हणून हे जमते. फणसाची साल उलटी करून आतला भाग साफ करावा, तसे. तिसरी रीत बारीक छिद्रातून नळी घालून खरवडत शोषून घ्यायची. व्रण लहान, पण ग्रंथी राहून जाण्याची शक्यता जास्त.

मुलीची दुसऱ्या रीतीने झाली. फक्त जागेपुरती भूल. आधी काखेत आयोडीन लावून वरून पिठूळ स्टार्च भुरभुरवला, तर जिथे जिथे घाम येत होता तिथे निळाकाळा डाग उमटला. त्याच्या कडेने पेनाने रेघ मारली. मला तो डाग दाखवला. इतकी वर्षे जे तोंड लपवायला लावत होते ते एवढेसे, हाताच्या तळव्याएवढे!

सहीच्या कागदापूर्वी सर्जननी सगळे वाईट ते आधी सांगितले, हे मला फार आवडले. रक्त साठू शकते. पातळ केलेली कातडी काही ठिकाणी मरू शकते. जंतू होऊ शकतात. व्रण राहील. केस कमी होतील. दर्प पूर्ण जाईलच असे नाही, आणि राहिलेल्या ग्रंथींमुळे थोडा परतूही शकतो. "आता ठरवा," म्हणाले, "घाई नाही." आम्ही घरी येऊन पंधरा दिवस विचार केला. हे म्हणाले, "लग्नात व्रण कुणी बघणार आहे का?" मुलगी म्हणाली, "बाबा, मी लग्नासाठी नाही करत. मला वॉर्डात हात वर करता यायला हवा." मग ह्यांनी काही म्हटले नाही.

कातडी खाली चिकटून बसावी म्हणून काखेत कापसाचा गोळा टाक्यांनी घट्ट बांधतात. दोन्ही काखांना. दहा दिवस कोपर अंगाला लावून बसायचे, खांदा उचलायचा नाही. एकवीस वर्षांच्या पोरीला मी दहा दिवस घास भरवले, वेणी घातली. ती लहान असताना भातलावणीच्या घाईत मी तिची वेणी कधी धड घातली नव्हती. डावीकडचे टाके चांगले निघाले. उजवीकडे रुपयाएवढी कातडी काळी पडली. मी घाबरून रडले. पण त्यांनी आधीच सांगितलेले होते, मलमपट्टी केली, तीन आठवड्यांनी भरून आली. तिथे व्रण आहे आणि थंडीत थोडा ओढतो. हात मात्र पूर्ण वर जातो. दर्पाचे म्हणाल तर रुपयातले बारा आणे गेला. उरलेले चार आणे साबणाने आणि त्या रात्रीच्या औषधाने आवरतात.

आपल्या कुंडांबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. भीमेश्वराच्या देवळाजवळच्या ऊन पाण्यात, अकलोलीला, वज्रेश्वरीला, कातडीच्या दुखण्यांसाठी दूरदूरची माणसे येतात. मीही लग्न झाल्यापासून दर आठवड्याला जाते. अंग मोकळे होते, मन शांत होते, आणि तिथे गंधकाचा वास इतका असतो की माझ्या वासाची मला लाज वाटत नाही, हा एक फायदा. पण त्या पाण्याने ग्रंथी जात नाहीत. मी चोवीस वर्षे बुडून पाहिले आहे. सोललेल्या किंवा टाके घातलेल्या काखेने तर कुंडात मुळीच उतरू नये.

माझी स्वतःची शस्त्रक्रिया मी केलेली नाही. डॉक्टरबाईंनी विचारले होते. मला रात्रीचे औषध पुरते. त्यांचे म्हणणे असे की ज्याचे औषधाने भागते त्याला सुरी लावू नये, आणि ज्याचे भागत नाही त्याला सुरीची भीती घालून घरी बसवू नये.

मुलगी गेल्या वर्षी शिकून बाहेर पडली आणि आता एका इस्पितळात रात्रपाळीला आहे. खाटेचे पुढे काय झाले ते मी तिला विचारले नाही.

आता शेवटचे. मी येत्या बुधवारी माझ्या औषधासाठी मुंबईला जाणार आहे. पहिल्या एस.टी.ने निघाले तर दहाच्या आत रांगेत उभे राहता येते. बरोबर आधारकार्ड, जुने कागद असतील तर ते, आणि भाकरी बांधून घ्यावी, कारण दुपार होतेच. ज्या कुणाला यायचे असेल तिने मला सभेत सांगू नये, उद्या दळणाच्या निमित्ताने घरी यावे. त्या सुनेच्या घरी मी काल स्वतः जाऊन आले. ती येणार आहे.